घडी कोण मोडणार? छापील पत्रकाच्या घडीविषयी



मराठीत 'घडी' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो बघा. संसाराची घडी बसते, कारभाराची घडी विस्कटते, आणि नवी साडी पहिल्यांदा नेसली की तिची घडी मोडली असं म्हणतो. या सगळ्या ठिकाणी घडी म्हणजे नुसती दुमड नाही. घडी म्हणजे लावून दिलेला क्रम. आज आपण ज्या घडीबद्दल बोलणार आहोत ती छापील पत्रकाची, कागदाची घडी. आणि आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं की, पत्रकाची घडी निवडणं हे सजावटीचं काम नाही, ते संपादनाचं काम आहे. वाचकाला आधी काय दिसेल, नंतर काय दिसेल, आणि काय कधीच दिसणार नाही, हे घडी ठरवते.

आपल्याकडे हा निर्णय कधी होतो? मजकूर लिहून झालेला असतो, साहेबांनी तपासलेला असतो, फोटो आलेले असतात, उद्या छपाईला जायचं असतं. तेव्हा डीटीपी करणारा मुलगा विचारतो, "थ्री फोल्डच ना?" आणि सगळे म्हणतात, "हो, थ्री फोल्डच." झालं. कोणी विचारत नाही की हे पत्रक कोण उघडणार, कुठे उघडणार, त्याच्या हातात तेव्हा आणखी काय असेल. म्हणून आपली दवाखान्याची पत्रकं, बँकेची पत्रकं, गडकिल्ल्यांची पत्रकं, क्लासची पत्रकं सगळी एकाच अंगानं दुमडलेली असतात.

या थ्री फोल्डकडेच आधी नीट बघू. ए-फोर कागद आडवा धरला तर लांबी २९७ मिलिमीटर. त्याचे तीन भाग करायचे, पण सारखे नाही. जो भाग आत दुमडून जातो तो थोडा आखूड ठेवावा लागतो, नाहीतर घडी फुगते. म्हणून साधारण १००, १०० आणि ९७ असा हिशोब करतात. इथपर्यंत छापखान्यात सगळ्यांना माहीत असतं. यानंतरची गोष्ट मात्र सहसा कोणी बघत नाही.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाहेरची बाजू उघडली की उजवीकडे मुखपृष्ठ दिसतं, मध्ये मागचं पान, आणि डावीकडे तो आखूड भाग. पडद्यावर तो कोपऱ्यात पडलेला दिसतो. म्हणून उरलंसुरलं सगळं तिथे टाकतात: प्रायोजकांची नावं, फोन नंबर, कार्यालयाचा पत्ता. आता कागद हातात घ्या. मुखपृष्ठ दारासारखं डावीकडे उघडा. उजव्या हाताला समोर काय आलं? तोच आखूड भाग. म्हणजे मुखपृष्ठानंतर वाचकाची नजर सगळ्यात आधी जिथे पडते, त्या जागेला आपण माळा समजून अडगळ भरून ठेवलेली असते. शिवाय त्याच्या शेजारी डावीकडे जे पान दिसतं ते आतल्या बाजूचं पहिलं पान. ही दोन पानं पडद्यावर कधीच शेजारी नसतात, वाचकाच्या हातात मात्र ती शेजारी येतात. थ्री फोल्डमधले बरेचसे दोष यातूनच जन्मतात.

याच कागदाला दुसरी घडी घालता येते. छापखान्यात तिला झेड फोल्ड म्हणतात. आपण पेटीच्या भात्यासारखी घडी म्हणू. एक दुमड पुढे, एक मागे, तिन्ही भाग सारखे, ९९ मिलिमीटरचे. कडा धरून ओढली की सगळं एका ओळीत समोर येतं. आत लपून बसणारा भाग नाही. पायऱ्यापायऱ्यांनी सांगायची गोष्ट, वेळापत्रक, 'आधी हे करा, मग ते करा' अशा सूचना, यांना ही घडी शोभते. आणि महत्त्वाचं म्हणजे ती पुन्हा घालताना विचार करावा लागत नाही. दोन्ही घड्यांना दुमडी दोनच, मशीन तेच. तेव्हा 'खर्च वाढेल' हे कारण इथे चालत नाही.

तिसरी घडी दरवाजाची, गेट फोल्ड. दोन्ही बाजूंचे पाखे मध्ये येऊन भिडतात. श्रीमंती लग्नपत्रिका आणि बिल्डर लोकांची पत्रकं यांचा या घडीवर फार जीव. ती उघडताना थोडा समारंभ होतो, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं. लग्नात समारंभच हवा असतो, तिथे ती योग्यच आहे. पण साप चावल्यावर काय करावं हे सांगणाऱ्या पत्रकाला दरवाजाची घडी घातली, तर आपण घाबरलेल्या माणसाला आधी समारंभ करायला सांगतोय.

चौथी उभी-आडवी घडी. कागद अर्धा, मग फिरवून अर्धा, मग पुन्हा अर्धा. पुस्तकाचा सोळा पानी फर्मा असाच तयार होतो, तीन दुमडीत एका बाजूला आठ भाग. नकाशे आणि औषधांच्या खोक्यातले कागद बहुधा याच जातीचे. मोठा कागद लहान जागेत बसवायला हिच्यासारखी घडी नाही. पण हिचे दोन दोष आहेत. एक, उघडलेला कागद पुन्हा पहिल्यासारखा मिटत नाही. दोन, जिथे उभी आणि आडवी दुमड एकमेकींना छेदतात, तिथे कागद आधी विरतो आणि मग भोक पडतं. तिथे छापलेलं अक्षर त्या भोकातून निघून जातं.

या दुसऱ्या दोषावर जपानचे अवकाश अभियंते कोर्यो मिउरा यांनी सुंदर उत्तर शोधलं. त्यांनी दुमडी काटकोनात न घालता किंचित तिरक्या घातल्या, त्यामुळे चौकोनांच्या जागी समांतरभुज आकृत्या आल्या. दुमडी एकावर एक नेमक्या बसत नाहीत, म्हणून कोपरे कमी झिजतात. आणि समोरासमोरची दोन टोकं धरून ओढलं की अख्खा कागद एका झटक्यात उघडतो, तसाच मिटतो. १९९५ साली सोडलेल्या जपानी अंतराळयानाच्या सौर पंखांसाठी हीच घडी वापरली होती. आपल्या पत्रकांना मिउरा घडी घाला असं आम्ही म्हणत नाही. सांगायचं एवढंच की, उघडणाऱ्याच्या बाजूनं घडीचा विचार केला की काय होतं, त्याचा हा नमुना आहे.

दुसरा नमुना अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पत्रकांचा. १९७७ साली मासिमो विन्येली या रचनाकारानं त्यांच्यासाठी युनिग्रिड नावाची पद्धत बसवली. एक मूळ चौकट ठरवली आणि लहानमोठे सगळे कागद त्या चौकटीच्या पटीत घेतले. मिटलेल्या पत्रकावर वर काळी पट्टी, पट्टीत उद्यानाचं नाव. कागद उघडला की मोठा नकाशा. म्हणजे घडी आधी ठरली, मजकूर नंतर तिच्यात बसला. प्रवासी गाडीत बसून एक भाग बघतो, पाऊलवाटेवर पूर्ण नकाशा उघडतो, दोन्ही वेळा त्याला हवं ते मिळतं.

आता ज्या पत्रकासाठी आज मुद्दाम हा विषय घेतला, त्याकडे येऊ. ते पत्रक उद्यानाचं नाही, बिल्डरचंही नाही. ते कीटकनाशकाच्या खोक्यात घातलेलं किंवा बाटलीला चिकटवलेलं पत्रक आहे.

आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे आणि त्याखालचे १९७१ चे नियम आहेत. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनासोबत पत्रक असलं पाहिजे असं हे नियम सांगतात. त्यात काय हवं तेही सांगतात: कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, कसं वापरायचं, विषबाधेची लक्षणं, सुरक्षेचे उपाय, प्रथमोपचार, उतारा, उरलेल्या मालाची आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट. यादी चांगली आहे. तिच्यात आम्हाला खोट काढायची नाही. बाटलीच्या लेबलावर विषारीपणा दाखवणारा रंगही असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानानं सौम्य.

आता पत्रक बघा. आम्ही कोणा एका कंपनीचं नाव घेणार नाही, कारण एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी परिस्थिती आहे. कागद पातळ, इतका की मागची छपाई पुढे दिसते. त्यावर अनेक भाषा, एकीला लागून दुसरी. आधी भात्यासारखी घडी, मग आडवी घडी, पुन्हा आडवी घडी. शेवटी व्हिजिटिंग कार्डाएवढा गठ्ठा. एकूण पाच दुमडी झाल्या आणि प्रत्येक दुमडीला भाग दुप्पट झाले असं धरा. म्हणजे कागदाच्या एका बाजूला ३२ भाग, दोन्ही मिळून ६४. आणि घडी पूर्ण झाली की बाहेर चेहरे उरतात किती? दोन. कागद कितीही मोठा घ्या, बाहेर दोनच चेहरे. ६४ पैकी हे दोन भाग कोणाला द्यायचे, हा या पत्रकाचा सगळ्यात मोठा संपादकीय निर्णय आहे. आम्ही पाहिलेल्या पत्रकांत एका चेहऱ्यावर मालाचं नाव असतं, जे बाटलीवर आधीच मोठ्या अक्षरात आहे. दुसऱ्या चेहऱ्यावर, घडीत जे काय वर आलं ते. कधी अर्धा तक्ता, कधी कोणत्या तरी भाषेतल्या परिच्छेदाची शेपटी.

हे पत्रक उघडणार कोण? तीन माणसं. पहिला शेतकरी, जो कृषी सेवा केंद्रातून माल आणतो. त्याला मात्रा हवी: किती मिली औषध, किती लिटर पाणी. दुसरा फवारणी करणारा. तो बऱ्याचदा रोजानं आलेला मजूर असतो, बाटली त्यानं विकत घेतलेली नसते, कधी कधी त्याला ती दिसतही नाही, फक्त भरलेला पंप पाठीवर येतो. त्याला हवं ते एवढंच: तोंड झाका, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, चक्कर आली तर थांबा. तिसरा डॉक्टर. त्याच्यापुढे माणूस आणलेला असतो आणि त्याला रसायनाचं नाव हवं असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात. पायरेथ्रॉइड असेल तर तसा खास उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. नाव कळायला उशीर म्हणजे उपचाराला उशीर. हे तीन वाचक तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या वेळी आहेत, आणि आपण त्यांना एकच गठ्ठा दिला आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त जणांचा जीव गेला. त्याची कारणं अनेक सांगितली गेली: डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, एकात एक मिसळलेली औषधं, जोरात फवारणारे पंप, संरक्षक कपडे नसणं. कागदाच्या घडीमुळे माणसं दगावली असं आम्ही म्हणत नाही. असं म्हणणं अन्यायाचंही होईल आणि उथळपणाचंही. पण त्या प्रत्येक बाटलीसोबत विषबाधेची लक्षणं सांगणारा कागद द्यावा, असं कायदा तेव्हाही सांगत होता. तो कागद वेळेला उघडला गेला असता, तर निदान कोणाला तरी लवकर थांबता आलं असतं का, हा प्रश्न विचारायला हवा. आणि 'शेतकरी वाचत नाही' या उत्तरावर समाधान मानायला आम्ही तयार नाही. वाचता येणार नाही अशी घडी घालायची आणि मग वाचत नाही म्हणायचं, हा न्याय बरा नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे, ती खास आपल्या भाषेची. इंग्रजीत मनाई वाक्याच्या सुरुवातीला येते. मराठीत ती शेवटी येते. 'रुग्णाला उलटी करायला लावू नये.' या वाक्याचा जीव कशात आहे? 'नये'मध्ये. आता ही रचना मुळात इंग्रजी मजकुरासाठी केलेली, त्याच चौकटीत मराठी भाषांतर ओतलेलं. ओळ चौकटीच्या तळाला संपते, 'लावू' खाली येतं आणि 'नये' दुमडीपलीकडच्या पुढच्या भागात जातं. घाईत असलेला माणूस एक भाग वाचतो. त्यानं काय वाचलं? 'रुग्णाला उलटी करायला लावू.' पूर्ण उलट अर्थ. काही विषांच्या बाबतीत उलटी करवणं जिवावर बेतू शकतं. इंग्रजीत तेच वाक्य मध्ये तुटलं तरी मनाई आधीच वाचून झालेली असते. म्हणजे मराठी पत्रकात दुमड कुठे येते हा व्याकरणाचाही प्रश्न आहे, आणि तो भाषांतर करणाऱ्यानं आणि रचना करणाऱ्यानं एकत्र बसून सोडवायचा आहे.

अक्षरांचंही तसंच. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार. आडवी दुमड ओळीतून गेली की आधी मात्रा झिजतात. आणि मात्रेच्या तक्त्यात दशांश चिन्ह दुमडीवर आलं, तर २.५ आणि २५ यांत उरतं काय? म्हणून दुमडीच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर कोरी जागा सोडणं ही चैन नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप, खर्च. लाखांनी छापायचा कागद, पैशापैशाचा हिशोब. मान्य. पण आम्ही जे सुचवतोय त्यातलं बहुतेक फुकट आहे. तोच कागद, तेवढ्याच दुमडी, तेच मशीन. फक्त कोणता भाग कुठे छापायचा ही पानांची लावणी बदलायची. बाहेरच्या दोन चेहऱ्यांपैकी एकावर फवारणाऱ्यासाठी चित्रांसह चार सूचना. दुसऱ्यावर मोठ्या अक्षरात 'डॉक्टरांना दाखवा', रसायनाचं नाव, गट, आणि उतारा असल्यास उतारा. हा भाग टोचा मारून फाडता येईल असा केला तर थोडा खर्च वाढेल, पण तो खिशात ठेवता येईल. आतमध्ये भात्याची प्रत्येक पट्टी एका भाषेला. भात्याचे भाग एकमेकांपेक्षा थोडे थोडे लांब ठेवले तर कडा पायरीसारख्या दिसतात, त्या कडेवर भाषेचं नाव. जुन्या टेलिफोन डायरीत कडेला अक्षरं असायची ना, तसं. मराठी माणूस सरळ मराठीची कडा धरेल. उरलेल्या भाषा त्याला उलगडाव्या लागणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्याला वाचताच येत नाही त्याला घडीचा काय उपयोग? खरं आहे, घडी साक्षर करत नाही. ती संरक्षक कपडेही देत नाही, आणि जहाल औषधांवर बंदी घालायची की नाही हा प्रश्नही सोडवत नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरात, शेजारी, दवाखान्यात कोणाला तरी येतं. सहावीतली मुलगी बापाला वाचून दाखवते. तिला ६४ भागांमधून योग्य भाग शोधायला लावायचं की तो तिच्या हातात वरच ठेवायचा, एवढाच आपला प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा. इतका मजकूर सक्तीचा आहे, तो लहान कागदावर बसवायचा कसा? आमचं उत्तर असं की, नियम मजकुराची यादी देतात. ती सगळी एकाच वजनानं, एकाच आकाराच्या अक्षरात, एकापुढे एक ओतली की नियम पाळला जातो आणि वाचक हरतो. यादी तीच ठेवून क्रम बदलता येतो. घडी त्यासाठीच असते.

तुमच्यापैकी जे पत्रकं लिहितात, तयार करतात किंवा मंजूर करतात, त्यांच्यासाठी एक साधी परीक्षा सांगतो. मजकूर लिहायच्या आधी कोरा कागद घ्या, ठरवलेल्या मापाचा, छापायच्या जाडीचा. घडी घाला. भागांवर पेन्सिलीनं आकडे टाका, ज्या क्रमानं वाचले जावेत असं तुम्हाला वाटतं त्या क्रमानं. मग तो कागद अशा माणसाला द्या ज्याला यातलं काही माहीत नाही, आणि त्याला मोठ्यानं आकडे वाचायला सांगा. तुमचा क्रम आणि त्याचा क्रम जुळला नाही तर घडी बदला, माणूस नाही. नंतर त्याला हात ओले करून उघडायला सांगा. पंखा लावून उघडायला सांगा. पुन्हा मिटायला सांगा. कागदाच्या तंतूंची दिशा, जिला छापखान्यात ग्रेन म्हणतात, तीही बघा. लाकूड जसं शिरेच्या अंगानं सहज फुटतं, तसा कागद ग्रेनच्या दिशेनं नीट दुमडतो. आडव्या अंगानं दुमडला, आणि तो जाड असला, की छपाईचा रंग दुमडीवर तडकतो. जाड कागदाला आधी क्रीजिंग करून घ्यावं लागतं. हे सगळं करायला एक दुपार पुरते.

आणि जे पत्रकं फक्त वाचतात, म्हणजे आपण सगळेच, त्यांनी एवढं करावं. घरातलं कुठलंही पत्रक काढा, औषधाच्या खोक्यातलं, गॅस शेगडीबरोबर आलेलं, खताच्या पोत्याबरोबरचं. मिटलेलं असताना बाहेरच्या दोन चेहऱ्यांवर काय आहे ते बघा. ज्यानं ते छापलं त्याला आपल्याला काय सांगायचं होतं आणि काय सांगून मोकळं व्हायचं होतं, हे तेवढ्यावरून बरंच कळतं. तुमच्या गावच्या कृषी सेवा केंद्रात असा एखादा कागद बरा सापडला, तर तोही आम्हाला दाखवा. वाईटाचे नमुने आमच्याकडे पुष्कळ झाले आहेत, चांगल्याचे हवे आहेत.

आता प्रश्न घेऊ.